नागदेवीत जे मिळत नाही

लिलावाची नोटीस दोन-तीन ओळींची असते. ‘लाकूडकामाची यंत्रे, वापरलेली, एकूण ९ नग, जशी आहेत जेथे आहेत या तत्त्वावर.’ सोबत एक अंधारा फोटो. त्यात पुढे ठेवलेला कूलर लख्ख दिसतो आणि मागचं यंत्र पुसट. मेक नाही, साल नाही, मोटर किती एचपीची तेही नाही. लिहिणाऱ्याचा दोष नाही. तो बँकेचा अधिकारी किंवा लिक्विडेटरच्या ऑफिसातला माणूस. त्याच्या लेखी थिकनेसर (फळी एकसारख्या जाडीची रंधणारं यंत्र) आणि फिरती खुर्ची या एकाच यादीतल्या दोन वस्तू. या अंधारातच घेणाऱ्याचा फायदा असतो, आणि बुडायची सोयही.

मुंबई-ठाणे-वसई पट्ट्यात अशी यंत्रं लिलावात येण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. कर्ज थकलं की बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली माल विकते. कंपनीच बुडाली तर २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली लिक्विडेटर विकतो. सरकारी कंपन्यांचा जुना माल बऱ्याचदा एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या लिलाव-पोर्टलवर निघतो, रेल्वेचा तिच्या स्वतःच्या आयआरईपीएस पोर्टलवर. शिवाय खासगी लिलावदार आहेतच. माल कुठल्या वाटेने आला यावरून यंत्राचं आयुष्य बरंचसं कळतं. चालू कारखाना यंत्र विकतो तेव्हा सहसा त्रास देणारंच विकतो. बँकेने कुलूप लावलेल्या गाळ्यातलं यंत्र मात्र कुलूप लागेपर्यंत रोज चाललेलं असण्याची शक्यता जास्त. त्याचा शत्रू वेगळा: बंद दारामागे काढलेले दोन-तीन पावसाळे. सरकारी वर्कशॉपमधलं यंत्र वजनदार आणि कमी वापरलेलं मिळतं, पण शेजारचं यंत्र चालू ठेवण्यासाठी त्याचे भाग काढून नेलेले असतात.

आता मुख्य गोष्ट. जुन्या यंत्राचे दोन भाग मनात करावेत: नागदेवी स्ट्रीटवर, म्हणजे मुंबईच्या हार्डवेअर बाजारात, जे मिळतं ते, आणि तिथे जे मिळत नाही ते. बेअरिंग, व्ही-बेल्ट, बोल्ट, पुली, रंध्याची पाती नागदेवीत मिळतात. स्टार्टर, कॉन्टॅक्टर, केबल विजेच्या सामानाच्या बाजारात, लोहार चाळीत. जळालेली मोटर रिवाइंड करणारा प्रत्येक औद्योगिक वस्तीत एक तरी असतो. म्हणजे आवाज करणारं बेअरिंग, फाटलेला बेल्ट, जळकी मोटर, उडालेला रंग या गोष्टींनी घाबरायचं कारण नाही. उलट त्यांना बघून बाकीचे बोली लावणारे घाबरतात, ते बरंच. घाबरायचं ते तडा गेलेल्या बिडाला (ओतीव लोखंडाला), टेबल जिच्यावर सरकतं त्या झिजलेल्या मार्गिकेला, लाकूड टेकवायच्या गायब फेन्सला आणि बंद पडलेल्या कंट्रोलरला. लोक मात्र नेमकं उलट करतात. रंग चकचकीत आणि मोटर गुणगुणते, एवढ्यावर बोली चढत जाते.

पाहणीचा दिवस एकच असतो, बहुतेक वेळा वीज तोडलेली. त्यामुळे चालवून बघण्याची आशा सोडून जावं. पिशवीत हे असावं: चांगली टॉर्च, एक मीटरचं स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी), फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं), मॅग्नेटिक बेससकट डायल गेज, एक साधा लोहचुंबक, बाटलीभर रॉकेल, खडूची पूड, ५०० व्होल्टचा मेगर (मोटरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) आणि गंज पुसायला जाड कपडा. मेगर नसेल तर वायरमनला बरोबर न्या. त्याच्या दिवसाची मजुरी या सगळ्या व्यवहारातला सगळ्यात स्वस्त खर्च आहे.

सुरुवात बिडापासून. बीड वाकत नाही, तुटतं. आणि ते तुटतं बहुधा कोणी पहार लावून यंत्र सरकवताना. पायाचे कोपरे, बोल्टची भोकं, टेबल जिथे सांगाड्याला बसतं ते कान, मोटरचा ब्रॅकेट या जागा बोटांनी चाचपाव्यात. एखाद्याच कोपऱ्यावर ताजा रंग दिसला तर तिथे चुंबक लावा. पकड ढिली लागली तर खाली पुट्टी आहे. संशयित जागी रॉकेल फिरवून, कोरडं पुसून, वर खडूची पूड भुरभुरवली की काही मिनिटांत तड्यातलं रॉकेल वर येतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. पायाचा कोपरा उडालेला असेल तर चालवून घेता येतं. टेबलाच्या मार्गिकेपाशी तडा असेल तर लॉट सोडावा. पितळेचं ब्रेझिंग करून देणारे कारागीर आहेत, पण ब्रेझिंगच्या उष्णतेने मार्गिका आपल्या जागेवर राहील याची हमी कोणी देत नाही.

गंज वेगळा. समुद्राच्या हवेत बंद पडलेल्या टेबलावर तांबूस थर येणारच. तो रॉकेल आणि ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने निघतो. कपड्याने पुसून नखाने बघायचं: नख अडकेल असे खड्डे पडले असतील तर ते ग्राइंडिंगशिवाय जात नाहीत. आणि लांब टेबल घेणारं ग्राइंडिंग मशीन शोधणं हे वेगळंच काम.

रंधा मशीनची, म्हणजे सरफेस प्लेनरची, खरी परीक्षा दोन टेबलं एका पातळीत येतात का यात आहे. मागचं टेबल ब्लॉकच्या (पाती बसवलेल्या फिरत्या दंडाच्या) उंचीला, पुढचं त्याच्याशी समतल, मग दोन्हींवर स्ट्रेट एज: एकदा डाव्या कडेने, एकदा उजव्या, आणि दोनदा कर्णावर. ०.१ मिमीचं पान शिरलं तर सुतारकामाला पुरे. ०.३ शिरत असेल तर आधी गिबकडे, म्हणजे मार्गिकेतला ढिलेपणा भरणाऱ्या पट्टीकडे बघा. टेबल ज्या तिरक्या मार्गिकेवर वरखाली होतं तिथली गिब झिजली की टेबल स्वतःच्या वजनाने टोकाला झुकतं, आणि अशा मशीनवर फळीची कड सरळ निघत नाही. खळगा किंवा पोट राहतंच. टेबलाचं टोक हाताने उचलून पाहा. हललं आणि पान शिरायचं थांबलं, तर दोष गिबचा, म्हणजे फट भरायची पातळ शिम पत्री आणि एक दुपार. हललं नाही आणि पान शिरतंच आहे, तर टेबल स्वतःच वाकडं. लिलावात हे दोन्ही सारखेच दिसतात, किमतीत मात्र रात्रंदिवसाचा फरक.

ब्लॉक चौकोनी असेल तर ते मशीन घेऊच नये, फुकट मिळालं तरी. जुन्या चौकोनी ब्लॉकमध्ये पातं आणि टेबलाच्या ओठात इतकी फट राहते की बोटं आत ओढली जातात. गोल ब्लॉकमध्ये पाचर आणि तिचे स्क्रू बघा. स्क्रूची डोकी घासून गोल झाली असतील तर कोणीतरी पाइप लावून ते पिळलेत, आणि ब्लॉकच्या खाचेलाही बारीक तडा असू शकतो. मिनिटाला साडेचार-पाच हजार फेऱ्यांना सुटलेलं पातं कुठे जाईल याचा हिशेब कोणी करू शकत नाही.

थिकनेसरमध्ये ब्लॉक तोच, पण भानगडी जास्त. टेबल चारही स्क्रूंवर सारखं चढतं का, हे ब्लॉकपासून टेबलाचं अंतर दोन्ही टोकांना मोजून कळतं. साखळी एक दात सरकली असेल तर फरक दिसतो, पण तो जुळवता येतो. रबरी रोलर कडक होऊन चिरले असतील तर पुन्हा रबर चढवून मिळतं. फीडच्या गिअरबॉक्सची झाकणी काढून तेलात बोट घाला. बोटाला चांदीसारखी चमक लागली तर दात झिजताहेत, आणि तो गिअर नागदेवीत नाही. कापून घ्यावा लागतो. फळी उलट फेकली जाऊ नये म्हणून पुढे लटकणारी लोखंडी बोटं सगळी जागेवर आहेत का आणि मोकळी हलतात का, तेही बघा. कामगार ती दोरीने वर बांधून ठेवतात.

सर्क्युलर करवतीत किंवा पॅनल सॉमध्ये (सरकत्या टेबलाच्या करवतीत) आधी ब्लेडच्या शाफ्टवरचा फ्लँज, म्हणजे ब्लेड जिला टेकून बसतं ती चकती. डायलची सुई फ्लँजच्या तोंडावर टेकवून हाताने एक फेरा द्या. ०.०२ मिमी उत्तम, ०.०५ दिसलं तर विचार करा, कारण फ्लँजचा व्यास १०० मिमी आणि ब्लेड ३०० चं असेल तर दातांपाशी तेच ०.१५ होतं. हा फरक बेअरिंगचा आहे की वाकलेल्या शाफ्टचा, हे शाफ्ट आडवा दाबून कळतं: सुई हलली तर बेअरिंग, घट्ट असूनही फेऱ्यात थरथरते तर शाफ्ट किंवा फ्लँज. पॅनल सॉच्या सरकत्या टेबलावर चढून बसू नका, पण ३२०० मिमीची गाडी पूर्ण पुढे नेऊन टोकाला हलका दाब द्या. टोकाला घट्ट आणि मधल्या जागेत खुळखुळती असेल, तर रोजच्या मापाच्या जागी मार्गिका झिजली आहे. १९०६ साली सरकत्या टेबलाची करवत काढणाऱ्या आल्टेनडॉर्फची जुनी यंत्रं मुंबईत अजून मान राखून आहेत, पण नावावर बोली लावू नये; फेन्स, क्रॉसकट आर्म आणि स्कोअरिंगचा भाग (मुख्य ब्लेडआधी खालून खाच पाडणारं छोटं ब्लेड) यांपैकी एक जरी गायब असला तरी सांगाडा निम्म्या किमतीचाच.

वीज मिळालीच तर कापून बघा. प्लायचा साधारण ८०० मिमीचा चौकोन घ्या. प्रत्येक वेळी नुकतीच कापलेली कड फेन्सला लावत चार बाजू कापा, पाचव्यांदा पहिल्या बाजूची इंचभर पट्टी काढा, आणि पट्टीची रुंदी दोन्ही टोकांना व्हर्नियरने मोजा. फरक भागिले चार, ही त्या लांबीतली काटकोनाची चूक. ०.४ मिमी फरक म्हणजे ८०० मिमीत ०.१, जे फेन्सच्या एका स्क्रूने जातं. बरोबर आलेल्या एजंटाला या चाचणीत अजिबात रस नसतो.

बँडसॉला आवाजाने तपासतात. ब्लेड काढून चाकाच्या प्रत्येक आऱ्यावर लाकडी मूठ हलकेच मारायची. धड चाक घणघणतं, तडा गेलेलं भद्द वाजतं. चाकावरचं रबर नवं बसतं, गाइड नवे मिळतात, तडा गेलेलं ३६ इंची चाक मात्र भंगार. वखारीतला लाकूड चिरायचा मोठा बँडसॉ घेण्याचा मोह झाला तर आधी वन विभागाच्या परवान्याचं बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशापासून सॉ मिलच्या परवान्यावर कडक नियंत्रण आहे, आणि यंत्र लिलावात घेतलं म्हणून विकणाऱ्याचा परवाना त्याच्यासोबत येत नाही.

विजेचं. मोटरच्या वायरी पॅनलपासून सोडवून मेगर लावा. १ मेगओहमच्या खाली आली तर ती मोटर तशीच चालू करायची नाही. मुंबईत जुलैत बघितलेल्या बहुतेक मोटरी कमी दाखवतात. ती ओल असते, जळकी वाइंडिंग नव्हे. १०० वॉटचा जुना दिवा दोन दिवस शेजारी ठेवला की आकडा चढतो. चढला नाही तर रिवाइंडिंग. नेमप्लेट नीट वाचा. जपानहून आलेली यंत्रं २०० व्होल्टची असतात. ती ४१५ वर सरळ जोडली तर जळतील, ट्रान्सफॉर्मर लागेल. अमेरिकन ६० हर्ट्झवर १७२५ फेऱ्यांची मोटर आपल्या ५० हर्ट्झवर साधारण १४४० ने फिरते, तेव्हा पुली बदलावी लागते. घरगुती एक फेजवर चालवायचा विचार असेल तर टर्मिनल बॉक्स उघडा. ड्राइव्ह नावाचं उपकरण एक फेजवर तीन फेज देतं, पण २३० व्होल्टच. प्लेटवर २३०/४१५ असेल आणि आत सहा टोकं असतील तर डेल्टा जोडून मोटर चालेल. ५ एचपीच्या वरच्या मोटरी बहुधा ४१५ लाच डेल्टा असतात, त्यांना ही युक्ती चालत नाही. पॅनलमधलं तांबं तर गेलेलंच समजा. बंद गाळ्यातून पहिली वायर जाते.

एज बँडर (प्लायच्या कडेला पट्टी चिकटवणारं यंत्र) आणि सीएनसी राउटर (संगणकावर चालणारं कोरायचं यंत्र) यांच्याबद्दल माझं मत कडक आहे: बंद अवस्थेत ही यंत्रं भंगारापेक्षा थोड्याच जास्त भावाने घ्यावीत. कंट्रोलरमधली बॅटरी मेली की पॅरामीटर उडतात, आणि बॅकअप असलेला पेनड्राइव्ह किंवा सॉफ्टवेअर उघडणारी किल्ली, म्हणजे डोंगल, जुन्या ऑपरेटरच्या खिशातून निघून गेलेला असतो. स्पिंडल १८ ते २४ हजार फेऱ्यांचा. त्याची बेअरिंगं बदलणं हे नागदेवीचं काम नव्हे. व्हॅक्यूम पंपाची कार्बन पाती मिळतात, गोंदाच्या भांड्यातला करपलेला गोंद खरवडता येतो. डोंगल खरवडून येत नाही. यादीत ‘अॅक्सेसरीज स्वतंत्र लॉट’ असं दिसलं तर टूल होल्डर कुठल्या लॉटमध्ये आहेत ते आधी शोधा.

याउलट वॉडकिन, रॉबिन्सन अशा जुन्या इंग्रजी बिडाच्या यंत्रांना मी नेहमी थांबून बघेन. त्यांत इलेक्ट्रॉनिक्स नाही, म्हणून मरण्यासारखं फार काही नाही. फक्त सुटे भाग घेताना जपा: बोल्ट व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाच्या आट्यांचे असतात. अर्धा इंची व्हिटवर्थच्या भोकात एम-१२ चा बोल्ट ढिला जातो, दोन आटे धरतो आणि बाकीचे खातो. मोल्डरचा (गलते काढायच्या यंत्राचा) स्पिंडल सव्वा इंची, म्हणजे ३१.७५ मिमी, त्यावर ३० मिमीचा युरोपी कटर जाणार नाही, आणि कोणी बोअर मोठं करून बसवतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

मग हिशेब. समजा २४ इंची थिकनेसर गाळ्यात चालू स्थितीत आपल्याला एकूण २,००,००० ला परवडतो. सोडवणं आणि हायड्रा क्रेन १५,०००, टेम्पो ८,०००, गाळ्यावरची वाराई (माल उतरवण्याचे पैसे) आणि मजुरी ७,०००, बेअरिंग-बेल्ट-पाती १४,०००, स्टार्टर आणि वायरिंग १२,०००, आणि न दिसलेल्या दोषासाठी १० टक्के म्हणजे २०,०००. हे झाले ७६,०००. उरले १,२४,०००, त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला, म्हणून भागिले १.१८. बोलीची हद्द १,०५,००० रुपये. आकडे समजण्यापुरते आहेत, रीत मात्र हीच: वरून खाली यायचं. जीएसटी नोंदणी असेल आणि बिल नीट मिळणार असेल तर कराची वजावट मिळून हद्द थोडी वाढते. खालची मर्यादा भंगारवाला ठरवतो. ८०० किलोचं यंत्र आणि बिडाचा भाव किलोला ३५ धरला तर २८,००० च्या खाली ते कोणालाच मिळणार नाही.

बोलीच्या दिवशी दोन गोष्टी माणसाला फसवतात. ई-लिलावात शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढतो, आणि प्रत्येक वाढीत ‘आता फक्त पाचच हजार’ असं वाटत राहतं. दुसरी गोष्ट प्रत्यक्ष लिलावातली. व्यापारी आपसांत ठरवून एकालाच बोलू देतात आणि माल नंतर बाहेर वाटून घेतात. बेकायदेशीर आहे, पण होतं. एकटा गिऱ्हाईक मध्ये शिरला की त्याला जाणूनबुजून चढवतात. तिथे रागाने बोली लावणं म्हणजे त्यांना हवं तेच करणं. अनामत रक्कम भरण्यापूर्वी अटींच्या कागदात तीन ओळी शोधा: उरलेले पैसे किती दिवसांत, माल किती दिवसांत उचलायचा, आणि उशीर झाला तर रोजचं भाडं किती. विक्री कायम झाल्याचं पत्र हातात येईपर्यंत क्रेनवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नका. लिलाव रद्द होतात, पुढे ढकलले जातात. गाळ्याचा मालक थकलेल्या भाड्यासाठी दार अडवेल का, हेही पाहणीच्या दिवशी वॉचमनला विचारलेलं बरं.

उचलताना बहुतेक नुकसान होतं. फाउंडेशन बोल्ट ग्राइंडरने कापा, गॅस कटर बिडाच्या पायाजवळ येऊ देऊ नका. पट्टे तळाच्या सांगाड्याखालून घ्या; टेबलाखालून किंवा ब्लॉकच्या शाफ्टला कधीच नाही. थिकनेसरचं टेबल खाली आणून, लाकडाचे ठोकळे ठेवून घट्ट करा. बँडसॉ डोक्याने जड असतो. त्याला वरच्या आयबोल्टनेच उचलायचं, चाकाला दोर बांधून नव्हे, आणि टेम्पोत मोकळा उभा तर मुळीच ठेवायचा नाही. वायरी सोडवण्यापूर्वी फोटो, प्रत्येक टोकाला चिकटपट्टीवर आकडा, बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत. माथाडी आणि वाराईचा दर आधी बोलून ठेवा, दारात उभा टेम्पो घेऊन घासाघीस होत नसते. वजनपावती, गेटपास आणि मालाची किंमत राज्यातल्या राज्यात १,००,००० च्या वर असेल तर ई-वे बिल. अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळा बघून गाडी सोडा, नाहीतर क्रेन एकीकडे आणि यंत्र दुसरीकडे असा दिवस जातो.

आणि आपला गाळा? साकीनाका, भांडुप, गोरेगावच्या इमारतींत तिसऱ्या मजल्यावर गाळा असेल तर बोली लावण्याआधी मालाच्या लिफ्टची पाटी वाचा. १,००० किलोची लिफ्ट, ९०० किलोचं यंत्र, ७० किलोची हँड पॅलेट आणि दोन माणसं हा हिशेब बसत नाही. मोटर आणि टेबल वेगळं करून दोन फेऱ्या कराव्या लागतील. दाराची रुंदी मोजा, वळण मोजा, कर्ण मोजा. पॅनल सॉची गाडी आणि आउटरिगर सुटे होतात, थिकनेसरचा सांगाडा होत नाही. मंजूर वीजभार किती आहे तेही बघा, ७.५ एचपीची मोटर सुरू होताना फुल लोडच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते, म्हणून डीओएल (मोटर सरळ पूर्ण व्होल्टेजवर सुरू करणाऱ्या) स्टार्टरऐवजी स्टार-डेल्टा स्टार्टर.

यंत्र जागेवर बसलं की लेव्हल, मग बेअरिंगं आणि बेल्ट सरसकट नवे, बेल्ट जोडीचे असतील तर दोन्ही एकाच वेळी. बेल्ट चढवण्यापूर्वी मोटर एकटी चालवून दिशा तपासा. फेज उलटा लागला तर ब्लेडचा नट सैल होतो. रायव्हिंग नाइफ (ब्लेडमागची, काप मिटू न देणारी पट्टी) गायब असेल तर ती बनवून घेतल्याशिवाय सर्क्युलरवर लाकूड लावू नका: जाडी ब्लेडच्या अंगापेक्षा जास्त, कापाच्या रुंदीपेक्षा कमी, दातांपासून अंतर ३ ते ८ मिमी. पहिला अर्धा तास पात्यांशिवाय, पाचर आणि स्क्रूही काढून, रिकामं चालवा आणि बेअरिंगच्या घरावर हात ठेवत राहा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर बंद करून बेअरिंग जास्त घट्ट बसलं की ग्रीस जास्त भरलं ते बघा, बहुतेक वेळा ग्रीसच असतं.